४१ चा पीक ३९ वर आला! इवलासा रेणू पेशीच्या पडद्याला एवढा हलवू शकतो का?

केवडा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी बडोद्यात पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे. विषय असा की पेशीचं आवरण ज्या लिपिडांचं बनतं त्यात औषधाचे छोटे छोटे रेणू शिरले की त्या आवरणाचं गोठणं-वितळणं कसं बदलतं.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लिपिडच्या रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या. पाण्यात टाकले की हे रेणू शेपटीला शेपटी लावून दुहेरी थर करतात. थंडीत शेपट्या ताठ, एकीला एक चिकटून उभ्या, ती जेल अवस्था. तापमान वाढवलं की एका ठरावीक अंशाला शेपट्या वळवळायला लागतात, पडदा पडदाच राहतो पण आतून प्रवाही होतो. डीपीपीसी नावाच्या लिपिडमध्ये हे साधारण ४१ अंशांना होतं, आणि त्याच्या आधी ३५ च्या आसपास आलेखात एक छोटा उंचवटा येतो, तेव्हा पडद्याला नुसत्या लाटा पडतात.

आता माझी गोष्ट. नुसतं डीपीपीसी डीएससी मशीनमध्ये (नमुना सावकाश तापवत तो किती उष्णता घेतो ते मोजणारं) घातलं तर पीक, म्हणजे वितळण्याचं आलेखातलं टोक, ४१.३ ला, एकदम टोकदार. त्यात १०० रेणूंमागे ५ आयबुप्रोफेन घातलं तर पीक ३९.२ ला, पसरट, आणि ३५ चा उंचवटा गायबच! मला आनंद व्हायला हवा होता पण रात्रभर झोप नाही आली. एवढ्याशा औषधाने २.१ अंश? आणि प्रत्येक छोटा रेणू वितळणबिंदू खालीच आणतो का? आई म्हणते, "हे म्हणजे आपल्या तुपासारखंच ना गं?" तिला काय उत्तर देऊ ते पण सांगा.

वाडीकर
आईंना माझा नमस्कार सांगा, बरोबर मुद्द्याला हात घातला त्यांनी. डिसेंबरात आमच्या वाडीतल्या घरी तुपाचा डबा सकाळी रवाळ घट्ट आणि दुपारी ओट्यावर ऊन आलं की वरनं सैल, खाली कण. पण एकदम एका अंशाला वितळलं असं कधी बघितलं नाही बुवा. तुमचं लिपिड फारच शिस्तीचं दिसतंय.

सुरसागर
केवडा, चांगला धागा काढलास. मी रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तेव्हा थोडं लांबण लावतो.

लहानपणी आमच्या दांडिया बाजारातल्या घरी मे महिन्यात आइस्क्रीमचा लाकडी पॉट निघायचा. मधे दुधाचा डबा, भोवती बर्फाचे तुकडे, आणि त्यावर मूठ मूठ जाडं मीठ. आम्ही पोरं पाळीपाळीने दांडा फिरवायचो. मीठ का घालायचं? मीठ पाण्यात विरघळतं पण बर्फाच्या स्फटिकात त्याला जागा नसते. म्हणजे मिठाला पाणी आवडतं, आणि मिठामुळे बर्फापेक्षा पाण्याचं पारडं जड होतं. बर्फाला शून्याच्या खाली गेलं तरी वितळावंच लागतं. तुझ्या पडद्यात नेमकं हेच चाललंय. ताठ शेपट्यांच्या गर्दीत परक्या रेणूला शिरायला फट नाही, वळवळत्या शेपट्यांत भरपूर. मग तो प्रवाही बाजूची तरफदारी करतो आणि वितळणबिंदू खाली येतो.

आणि तो रेणू कोणता याला फारसं महत्त्वच नाही, किती रेणू शिरले एवढंच मोजायचं. म्हणून भलभलते पदार्थ तोच परिणाम करतात. तुपाचं म्हणशील तर वाडीकर बरोबर बोलले, तुपात डझनावारी मेदाम्लं मिसळलेली असतात, म्हणून एक बिंदू नाही, पट्टा आहे.

स्पष्टवक्ता
सुरसागर काका, पॉट आवडला पण दोन गोष्टी खटकल्या. एक, तूप ट्रायग्लिसराइड आहे, त्याला पाणी आवडणारं डोकंच नाही, त्यामुळे त्याचा दुहेरी पडदा होतच नाही. तूप वितळलं की तेल होतं, पडदा वितळला तरी पडदाच राहतो. आईंना हे सांगायलाच हवं.

दुसरं, "रेणू कोणता याला महत्त्व नाही" हे सरसकट चालणार नाही. दारूच्या कुटुंबातलेच रेणू घ्या. इथेनॉलसारखे आखूड रेणू डीपीपीसीचा वितळणबिंदू खाली आणतात. साखळी लांब करत गेलं की दहा-बारा कार्बननंतर तेच उलट वर न्यायला लागतात, कारण लांब सरळ साखळी ताठ शेपट्यांत छान मावते. म्हणजे तुमच्या भाषेत बर्फाच्या स्फटिकात मावणारं मीठ! एकटं इथेनॉलसुद्धा सरळ नाही. लिटरमागे साधारण ५० ग्रॅमपर्यंत बिंदू खाली, त्याच्या पुढे परत वर, कारण तेव्हा जेलमधल्या समोरासमोरच्या शेपट्या एकमेकींत घुसतात, दोन्ही हातांची बोटं गुंफावी तशा, आणि ती जेल जास्त टिकाऊ असते.

वाडीकर
गुजरातेत दारूबंदी, आणि इथे लिटरमागे ५० ग्रॅमची चर्चा 😀

केवडा
@वाडीकर, हसू नका हो, लॅबमध्ये इथेनॉलचं वेगळं रजिस्टर आहे, किती मिली कशाला वापरलं ते लिहून सही करावी लागते.
@स्पष्टवक्ता, बोटं गुंफण्याचं उदाहरण आजच वहीत लिहून घेतलं. आईला तुपाचं सांगितलं, ती म्हणाली "मग पडदा म्हणजे साय का?" आता यावर पण बोला 🙏

भूलवाली
माझं कामच माणसांना भूल देण्याचं, त्यामुळे हा धागा सोडवेना. आमच्या शास्त्राची सुरुवातच इथून आहे. १८४७ मध्ये एडिंबरात सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरलं, आणि शतक संपता संपता मायर, मग १९०१ मध्ये ओव्हर्टन, दोघांना स्वतंत्रपणे हेच दिसलं की जो पदार्थ ऑलिव्ह तेलात जास्त विरघळतो तो कमी मात्रेत भूल देतो. ईथर, क्लोरोफॉर्म, काहीही घ्या, बहुतेक सगळे एका रेषेत. झेनॉन तर निष्क्रिय वायू, शरीरात कुणाशी रासायनिक नातं जोडत नाही, तरी माणूस झोपतो! मग कुलूप-किल्ली कुठली? म्हणून बराच काळ सगळे म्हणत की भूल म्हणजे चरबीत काहीतरी होतं, पडदा सैल होतो.

१९५० मध्ये तर बेडकाची पिल्लं दारूच्या पाण्यात पोहायची थांबली, आणि शंभराहून जास्त वातावरणांचा दाब दिला तर परत पोहायला लागली. दाबाने पडदा गोठण्याकडे झुकतो, वितळणबिंदू वर जातो, म्हणजे बरोबर उलटा परिणाम. शिकताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

स्पष्टवक्ता
डॉक्टर, भूल देण्याच्या मात्रेला वितळणबिंदू किती सरकतो? जेमतेम अर्धा-पाऊण अंश. ताप आला की शरीर दोन अंश तापतं, म्हणजे पडदा तेवढाच सैल. मग १०३ तापाने माणूस भूल दिल्यासारखा पडायला हवा. पडतो का?

भूलवाली
नाही पडत, आणि हीच त्या कल्पनेची सगळ्यात दुखरी नस. मी तुमच्या बाजूने आणखी एक देते. थंडीने पडदा घट्ट व्हायला हवा, म्हणजे गारठलेल्या रुग्णाला भूल जास्त लागायला हवी. थिएटरमध्ये रोज उलटं दिसतं, अंग गार पडलं की वायू कमी लागतो. आणि १९८४ मध्ये फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्याच्या ल्युसिफरेज प्रथिनावर दाखवलं की चरबीचा अंशही नसताना भुलीचे पदार्थ त्याच प्रमाणात, त्याच क्रमाने काम करतात. तेव्हापासून पारडं प्रथिनांकडे झुकलं, आज आम्ही गाबाच्या रिसेप्टरचं (चेतापेशींना शांत करणाऱ्या प्रथिनाचं) नाव आधी घेतो.

पण पडदा पुरता हरला असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये निघालेलं काम मला पटतं. सगळा पडदा सैल होण्याची गरजच नाही, त्यात कोलेस्टेरॉलची दाट बेटं असतात, राफ्ट म्हणतात त्यांना, क्लोरोफॉर्मने ती विस्कटतात, त्यात अडकलेलं एक एन्झाइम सुटतं आणि पोटॅशियमची वाट उघडते. म्हणजे चरबी आणि प्रथिन, दोघं मिळून.

आज्जीचा_नातू
मी कॉमर्सवाला, पण एक शंका. विश्वामित्रीतल्या मगरी थंडीत तासन् तास काठावर पडून असतात, त्यांचं रक्त तर बाहेरच्या हवेइतकंच गार. त्यांचा पडदा थिजत नाही का तुपासारखा?

स्पष्टवक्ता
@आज्जीचा_नातू, शंका एक नंबर. ऊन खाणं हा एक उपाय झाला. दुसरा उपाय आतून होतो, आणि माशांमध्ये तो व्यवस्थित मोजलाय. कार्प मासा काही आठवडे थंड पाण्यात ठेवला की त्याच्या पडद्यात वाकड्या शेपट्यांची, म्हणजे असंपृक्त लिपिडं वाढतात. वाकडी शेपटी शिस्तीत उभी राहूच शकत नाही, म्हणून थंडीतही सैल. तुलनेला बघा: दोन्ही शेपट्या सरळ असतील तर ४१ अंश, आणि दोन्हीत एकेक वाक असला, जरा लांब असूनही, तर शून्याच्या खाली पंधरा-वीस अंश! ई. कोलाय जंतू पण हेच करतो, १९७४ मध्ये सिनेन्स्कीने दाखवलं.

@केवडा, साय म्हणजे प्रथिनांच्या जाळ्यात अडकलेली चरबी, तीही आपला पडदा नाही. पण आई विचारत राहोत.

नीलफुलपाखरू
मी इथेच औषधं बनवणाऱ्या क्षेत्रात लायपोसोमवर, म्हणजे लिपिडांच्या पडद्याच्या इवल्या पोकळ गोळ्यांवर, काम करते. सगळे छोटे रेणू खाली-वर करत बसलेत, पण खरा राजा राहिलाच की. कोलेस्टेरॉल! तो वितळणबिंदू खाली नेत नाही की वर नेत नाही, तो वितळणंच पुसून टाकतो. डीपीपीसीत घालत गेलं की पीक बुटका होतो, पसरतो, आणि निम्म्याच्या जवळ पोचलं की सपाट रेघ. त्याच्या चार कड्या कडक असतात, त्या शेजारच्या शेपट्यांना सरळ धरतात, पण स्वतः वेड्यावाकड्या असल्यामुळे जेलची ओळही लागू देत नाहीत. पडदा द्रव पण शिस्तीतला, अशी तिसरीच अवस्था. आपल्या तांबड्या पेशीच्या पडद्यात दर दहा रेणूंत चारेक कोलेस्टेरॉलचेच असतात. काका, तुमच्या पॉटमध्ये हे मीठ बसणार नाही.

२०२१ मध्ये काळ्या बुरशीचं लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन शोधत लोक गावोगाव फिरत होते, आठवतंय ना? माझ्या मामासाठी आम्ही पण फिरलो. ते इंजेक्शन म्हणजे हाच पडदा, संपृक्त (सरळ शेपट्यांचं) लिपिड आणि कोलेस्टेरॉल, म्हणून शरीराच्या ३७ अंशांनाही तो सैल पडत नाही आणि औषध आधीच सांडत नाही. ते सलाइनमध्ये मिसळायचं नाही, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, कारण मिठाने ते थर बिघडतात. नर्सताई दर बाटलीला लेबल दोनदा वाचायच्या, ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे.

आणि सुरुवातीची माझी एक फजिती. डीपीपीसीचं मिश्रण १०० नॅनोमीटरच्या जाळीतून दाबायचं होतं. जानेवारीची सकाळ, मी सिरिंज दाबतेय, दाबतेय, अंगठा लाल झाला, थेंब पुढे जाईना, शेवटी जाळी फाटली. शेजारचे काका म्हणाले, "बेन, गरम कर ने!" सगळा सेट ५० अंशांच्या ब्लॉकवर ठेवला आणि लोण्यासारखं गेलं. ४१ हा आकडा त्या दिवशी हाताला कळला.

पावभट्टी
मी घरी पाव करते, विज्ञान काही कळत नाही, पण "कोरडं यीस्ट कोमट पाण्यातच भिजवा, गार पाण्यात नको" असं पाकिटावर का असतं? याचा इथे काही संबंध?

नीलफुलपाखरू
@पावभट्टी, अहो ताई, अगदी थेट संबंध! पाणी हाही छोटा रेणूच, आणि पडद्याला सैल ठेवणारा सगळ्यात महत्त्वाचा रेणू तोच. वाळवलं की लिपिडांची डोकी एकमेकींना भिडतात, शेपट्या दाटतात, वितळणबिंदू वर चढतो. वाळलेल्या यीस्टमध्ये तो साधारण ६० अंशांपर्यंत जायला हवा, पण यीस्ट स्वतःमध्ये ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतं. ती साखर डोक्यांच्या मध्ये पाण्याच्या जागी जाऊन बसते आणि बिंदू ४० च्या आसपास ठेवते. गार पाण्यात भिजवलं की पडदा जेलमध्ये असताना पाणी येतं, मग ओला होता होता तो जेलमधून प्रवाही होतो, आणि नेमकं त्या ओलांडण्याच्या क्षणी पडदा सगळ्यात जास्त गळतो. आतलं सगळं बाहेर. ४० च्या पाण्यात टाकलं तर तो आधीच सैल, गळती नाही. क्रो दांपत्याने १९८० च्या दशकात या साखरेवर फार सुंदर काम केलं.

पावभट्टी
बापरे. वीस वर्षं बोट बुडवून पाणी बघतेय, आज कळलं काय बघत होते.

आज्जीचा_नातू
मग हळद? करक्युमिन पण चरबीत विरघळतं ना, दुधात हळद म्हणून देतात ना?

भूलवाली
लॅबमध्ये करक्युमिन पडद्यात शिरतं, वितळणबिंदू खाली आणतं, पीक पसरवतं, हे खरं. पण त्यावरून दुधाच्या पेल्यापर्यंत उडी मारू नका. पोटातून रक्तात फारच थोडं पोचतं. आणि एक सावधगिरी: २०१४ च्या एका कामात दिसलं की करक्युमिन, मिरचीचं कॅप्सेसिन वगैरे पडदा हलवतात, आणि पडदा हलला की त्यात बसलेली वेगवेगळी प्रथिनं एकदम बदलतात. मग प्रत्येक चाचणीत वाटतं की वा, हे औषध इथेही लागू पडलं! हळद माझ्याही घरात रोज आहे, पण ती आवडते म्हणून.

सुरसागर
नीलफुलपाखरू, कोलेस्टेरॉलबद्दल हार मान्य, पॉट बाजूला ठेवला. पण बाळा केवडा, आपण सगळे फिरून आलो, तुझा २.१ तसाच राहिला. काल रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो.

बिंदू किती उतरेल याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. वायूचा स्थिरांक ८.३, गुणिले तापमानाचा वर्ग, म्हणजे ३१४ चा वर्ग, भागिले वितळायला लागणारी उष्णता, डीपीपीसीला मोलमागे साधारण ३५ किलोज्यूल. उत्तर येतं २३ अंश. म्हणजे पडद्यातल्या १०० रेणूंमागे १ परका शिरला तर ०.२३ अंश. तू घातलेस ५. सगळेच्या सगळे पडद्यात गेले आणि जेलमध्ये एकही नाही असं धरलं तरी १.२ च्या आत. मग उरलेले ०.९ कुठून आले?

स्पष्टवक्ता
काकांचा हिशेब बघून बसल्या जागी उठलो. त्यात भर: आयबुप्रोफेन आम्लधर्मी, पीएच ७.४ च्या बफरमध्ये (आम्लता ठरावीक ठेवणाऱ्या द्रावणात) जवळपास सगळं भारित होतं, भारित रेणूला पाणी जास्त आवडतं. म्हणजे पाचातले बरेच पडद्याबाहेरच असणार, उतार एकच्याही खाली हवा. केवडा, तीन प्रश्न. मशीन मिनिटाला किती अंशांनी तापवलंस? दोन्ही नमुने एकाच दिवशी केलेस का? आणि लिपिडची फिल्म (विद्रावक उडाल्यावर उरणारा पातळ थर) किती वेळ सुकवलीस?

केवडा
मिनिटाला १ अंश, दोन्हींना तोच. पण बाकीचं लिहिताना हात थरथरतोय. नुसत्या डीपीपीसीची फिल्म शुक्रवारी केली, शनिवार-रविवार व्हॅक्यूममध्येच राहिली. औषधाची सोमवारी केली आणि मशीनचा नंबर दुपारचा होता म्हणून तासाभरात काढली. फिल्म दिसायला कोरडी होती, फ्लास्कच्या तळाला दुधी पापुद्रा, वास पण नाही आला. दोन्ही क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून, मग ते उडवून केल्या होत्या.

भूलवाली
अगं! तू पडद्याला भूल दिलीस!

नीलफुलपाखरू
केवडा, वाईट वाटून घेऊ नकोस, हे प्रत्येकीचं होतं. पापुद्र्यात अडकलेलं क्लोरोफॉर्म नाकाला कळत नाही पण पडद्याला कळतं. रात्रभर चांगलं व्हॅक्यूम हवंच. आणि कोरा (औषध न घातलेला) नमुना औषधाच्या नमुन्याशेजारी, त्याच दिवशी, त्याच पंपावर.

वाडीकर
दुसऱ्या कुणी २.१ छापून टाकला असता. हिने झोप घालवली. शाब्बास पोरी.

केवडा
आठ दिवसांनी येतेय. दोन्ही फिल्म एकाच दिवशी, एकाच पंपावर, रात्रभर. कोरं डीपीपीसी ४१.३, ३५ चा उंचवटा जागेवर. आयबुप्रोफेनचं ४०.६. तीनदा केलं, तिन्ही वेळा ४०.६ च्या आजूबाजूला. म्हणजे ०.७, सुरसागर काकांच्या हिशेबाने पडद्यात १०० मागे ३. आणि ३५ चा उंचवटा याही वेळी नाही, म्हणजे तो औषधानेच पुसलाय! मुख्य पीक जेमतेम हलतो आणि हा छोटा उंचवटा आधी जातो, हे बघून खरंच बरं वाटलं, कारण हे माझं आहे, क्लोरोफॉर्मचं नाही.

मॅडमना जुना आकडा का चुकला ते सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या आता आम्ल बफरमध्ये कर, पीएच ५ ला कमी भारित राहील, जास्त आत जाईल, उतार वाढायला हवा. आईला यीस्टचं वाचून दाखवलं, तिने काल पाव केला, थर्मामीटर माझा नेला होता.

स्पष्टवक्ता
पीएच ५ ला कोरा नमुना पण पीएच ५ चाच घे.

केवडा
हो, दोन्ही बफर आजच करून ठेवलेत. गुरुवारी मशीनवर नंबर आहे, बुधवारी संध्याकाळी फिल्म पंपावर लावणार.